थंड पडलेला शॉकअप

गावात शिरताना रस्त्यावर जिथे गतिरोधक आहे, तिथे दहा मिनिटं कडेला उभं राहून येणाऱ्या ट्रकांच्या केबिनकडे पाहा. मानवतला हे सहज करता येतं. कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्ग, आता ज्याचा क्रमांक ६१ आहे, पाथरीकडून मानवतला येतो आणि पुढे परभणीकडे जातो. कापसाचा आणि उसाचा हंगाम जोरात असला की या रस्त्यावर जड गाड्यांची रांग तुटत नाही.

एक ट्रक येतो. पुढची चाकं उंचवट्यावरून उतरतात, केबिन दबते, वर येते, पुन्हा जराशी दबते आणि स्थिर होते. मागून त्याच बनावटीचा, तेवढ्याच वजनाचा दुसरा ट्रक येतो. त्याची केबिन दबते, उठते, दबते, उठते आणि बरंच अंतर गेल्यावरही मान डोलावत राहते. दोघांचे पाटे शाबूत, टायरांत हवा बरोबर, वेगही सारखाच. मग दुसराच का डोलतो?

त्याचे शॉकअप गेलेले आहेत. हाच दुसरा ट्रक माल वाहणारा नसून बंद पडलेली गाडी उचलून नेणारी क्रेन असेल, तर त्या डोलण्याचा अर्थ फार गंभीर होतो. क्रेनवाल्याला आणि तिच्या मागेपुढे चालणाऱ्यांनाही तो कळायला हवा, म्हणून हा लेख.

आधी शब्दांचं पाहू. इंग्रजीतला शॉक ॲब्झॉर्बर आपल्या गॅरेजात केव्हाच शॉकअप झाला. ‘टो चेन’ घासून घासून ‘टोचन’ झाली आणि गाडी टोचन करून आणायला येणारा ट्रक, त्याला उचलायचा दांडा असो वा नुसता दोर, आपल्याकडे सरसकट ‘क्रेन’ झाला. मी हेच शब्द वापरणार आहे.

पाटा धक्का सोसतो, पण विसरत नाही

शॉकअप धक्का सोसतो, असं नावावरून वाटतं. खरं तर धक्का सोसतो तो पाटा. चाक दगडावर चढलं की पाटे वाकतात आणि धक्क्याची ऊर्जा स्वतःत साठवून घेतात. अडचण पुढे सुरू होते. साठवलेली ऊर्जा पाट्याला परत द्यावीच लागते. तो सरळ होताना गाडीला वर फेकतो, गाडी आपल्या वजनाने पुन्हा खाली येते, पाटा पुन्हा वाकतो. झाडाला बांधलेला झोका एकदा ढकलून सोडला की बराच वेळ हलत राहतो, तसंच हे.

जुन्या टांग्यांना पाटे होते, शॉकअप नव्हते. तरी टांगा अखंड उसळत बसत नसे, कारण एकावर एक रचलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात थोडी ऊर्जा जिरते. घोड्याच्या चालीला तेवढं पुरायचं. मोटारींचा वेग वाढला तसं ते पुरेना, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत ऊर्जा जिरवणारं वेगळं साधन गाड्यांना लावायला सुरुवात झाली. आधी एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या आल्या, मग तेलाचे शॉकअप. आपल्याकडे मुंबईत मुलुंडला ‘गॅब्रिएल इंडिया’ ही शॉकअप बनवणारी कंपनी १९६१ साली सुरू झाली.

झोका थांबवायचा असेल तर आपण पाय जमिनीला घासतो. शॉकअप म्हणजे गाडीचा जमिनीला घासणारा पाय. हलण्यातली ऊर्जा तो उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता वाऱ्यावर सोडून देतो. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं की खराब शॉकअप ओळखण्याची जवळजवळ सगळी विद्या त्यातूनच निघते.

पिचकारीतलं तेल

रंगपंचमीची पिचकारी आठवा. दांडा हळूहळू दाबला तर पाणी मुकाट्याने बाहेर येतं. जोरात दाबायला गेलं तर तोच दांडा हाताला अडतो, कारण तेवढ्याच बारीक भोकातून तेवढंच पाणी कमी वेळात जायचं असतं. साध्या भोकाच्या बाबतीत वेग दुप्पट केला तर अडवणूक साधारण चौपट होते.

शॉकअप म्हणजे तोंड बंद केलेली पिचकारी. आत पाण्याऐवजी तेल असतं आणि भोक पिचकारीच्या टोकाला नसून पिस्टनलाच पाडलेलं असतं. दांडा आत-बाहेर झाला की तेल या भोकांतून पिस्टनच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातं. भोकांवर पातळ चकत्यांच्या झडपा असतात. त्यांच्यामुळे दांडा दाबला जाताना तेलाला वाट जरा मोकळी मिळते आणि बाहेर ओढला जाताना ती आवळली जाते. यामागे विचार आहे. दगड आला की चाकाला पटकन वर जाऊ द्यायचं, पण नंतर पाटा उसळून सरळ व्हायला लागला की त्याला धरून ठेवायचं.

बहुतेक शॉकअप नळीत नळी अशा रचनेचे असतात, तांब्यात फुलपात्र ठेवावं तसे. आतल्या नळीत पिस्टन फिरतो. दांडा आत शिरला की तो स्वतःची जागा व्यापतो. तेवढं तेल बाहेरच्या नळीत सरकतं आणि दांडा बाहेर आला की परत येतं. बाहेरच्या नळीत वरच्या बाजूला थोडी हवा किंवा नायट्रोजन वायू असतो. तेल गळून कमी झालं की आतली नळी तेलाबरोबर हवाही ओढते आणि ताक घुसळताना यावा तसा फेस तयार होतो. फेस दाबला जातो, अडवत नाही. अशा शॉकअपचा दांडा बरंच अंतर काहीही न करता सरकतो. बाहेरून तो शाबूत दिसतो, आत त्याचं काम थांबलेलं असतं.

उष्णता किती होते? एका चाकावर १ टन वजन आहे आणि ते ५ सेंटिमीटर खाली बसलं असं धरू. त्यात साधारण ५०० जूल ऊर्जा आली. असे शंभर हेलकावे म्हणजे लिटरभर पाणी १२ अंशांनी तापवण्याइतकी ऊर्जा. काही भाग पाट्यांच्या घर्षणात जातो, बाकीची शॉकअपच्या त्या थोड्याशा तेलात जिरते. खराब रस्त्यावर शंभर हेलकावे व्हायला किती वेळ लागतो, हे या भागात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

काळ्या मातीवरचा रस्ता

परभणी जिल्ह्याची काळी कापसाची जमीन पिकाला जेवढी चांगली, रस्त्याला तेवढीच अवघड. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून भेगाळते. वरचा रस्ता दरवर्षी थोडा उचलला जातो, थोडा खचतो आणि पाया नीट तयार केलेला नसला तर काही वर्षांत त्याला लांब लांब लाटा पडतात. खड्डा नसतो, डांबरही फुटलेलं नसतं, तरी गाडी होडीसारखी चालते.

भरलेल्या ट्रकच्या धडाला पाट्यांवर हलण्याची स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण दीड-दोन वेळा. आता ताशी ५४ किलोमीटर वेग धरा, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. रस्त्यावरच्या दोन लाटांत १० मीटर अंतर असेल तर गाडीला सेकंदाला दीड वेळा धक्का बसतो, नेमका तिच्याच लयीत. झोक्याला दर वेळी योग्य क्षणी ढकललं की तो चढत जातो. गाडीचंही तेच होतं. शॉकअप धडधाकट असेल तर प्रत्येक लाटेमागे तो ऊर्जा काढून टाकतो आणि डोलणं वाढू देत नाही. तो कमकुवत असेल तर तिसऱ्या-चौथ्या लाटेला केबिन उडायला लागते.

चाकाची आणि एक्सेलची लय वेगळी, सेकंदाला दहाच्या आसपास. खडी उखडलेल्या रस्त्यावर मीटर-मीटरावर खळगे असतील तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला चाक या लयीत सापडतं आणि जमिनीवर टपटप आपटायला लागतं.

म्हणून ड्रायव्हरला विचारायचा पहिला प्रश्न असा: गाडी एका ठरावीक वेगालाच नाचते का, आणि वेग थोडा कमी-जास्त केला की शांत होते का? गुळगुळीत रस्त्यावरही एका वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर टायरचा तोल किंवा बेअरिंग आधी पाहावं. पण लाटांच्या रस्त्यावर धड डोलत असेल आणि डोलणं लवकर मरत नसेल, तर संशय शॉकअपवर घ्यावा.

उलाळ गाडी

क्रेनची गोष्ट साध्या ट्रकपेक्षा वेगळी का, हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला लगेच कळेल. गाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. क्रेनही नेमकी अशीच उलाळ होते.

समजा क्रेनच्या पुढच्या आणि मागच्या एक्सेलमध्ये ४ मीटर अंतर आहे. उचललेल्या गाडीचं १ टन वजन मागच्या एक्सेलच्याही २ मीटर मागे लटकलं आहे. मागचा एक्सेल तराजूच्या काट्यासारखा मधोमध येतो. मागे १ टन गुणिले २ मीटर. त्याला तोलायला पुढच्या ४ मीटरवरून अर्धा टन वजन कमी होतं. मागच्या चाकांवर १ टन वाढायला हवा होता, तिथे दीड टन वाढतो. वजन दुप्पट असेल किंवा दांडा आणखी लांब काढला असेल तर पुढची चाकं आणखी हलकी होतात.

पुढची चाकं म्हणजे वळण आणि ब्रेकचा मोठा भाग. हलकं झालेलं चाक आधीच रस्त्याला सैल टेकलेलं असतं. त्यावरचा शॉकअप मेलेला असेल तर प्रत्येक लाटेवर ते क्षणभर रस्ता सोडतं. त्या क्षणी स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही आणि ब्रेक दाबला तरी ते चाक थांबवायला मदत करत नाही. मागे लटकलेली गाडी त्याच वेळी डोलत असते आणि तिचं डोलणं दांड्यातून क्रेनला पुन्हा ढकलत राहतं. लोक डोलणाऱ्या क्रेनकडे पाहून मागची गाडी नीट बांधली नाही म्हणतात. साखळ्या तपासाव्यातच, पण पुढच्या चाकामागे वाकूनही पाहावं.

आपल्याकडच्या अनेक जड ट्रकांना मागे शॉकअप नसतातच. पाट्यांची जाडी आणि त्यांचं घर्षण यांवर मागचं भागवलेलं असतं. हलक्या ट्रकांना बहुधा पुढे-मागे दोन्हीकडे असतात. आपल्या क्रेनच्या चेसिसला किती शॉकअप आहेत हे एकदा मोजून ठेवायला हवं. जुनी क्रेन घेताना तर हे नक्की करावं, कारण तुटलेला शॉकअप काढून टाकून जागा तशीच मोकळी ठेवलेल्या गाड्याही रस्त्यावर असतात.

हात लावून पाहा

मोटारसायकल आपण दाबून सोडतो आणि ती कशी वर येते ते पाहतो. कारचं बॉनेटही दाबता येतं. क्रेनचं तसं नाही. तिचे पाटे कित्येक टनांसाठी बनलेले असतात, दोन माणसांनी बंपरवर उड्या मारल्या तरी त्यांना पत्ता लागत नाही. मग परीक्षा कशी घ्यायची?

शॉकअपचं काम ऊर्जेची उष्णता करणं हे आहे. काम करणारा शॉकअप तापतो. न तापणारा काम करत नाही. म्हणून क्रेन घेऊन मानवतहून पाथरीपर्यंत जाऊन यावं. एवढी फेरी भरपूर झाली. परत आल्यावर गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि लगेच, पाच-दहा मिनिटांच्या आत, आधी शेजारच्या चेसिसला आणि मग शॉकअपच्या खालच्या जाड नळीला हात लावून पाहावा. हात एकदम टेकवू नये. आधी उलटा हात जवळ नेऊन धग पाहावी, कारण चांगला शॉकअप चटका बसेल इतकाही तापू शकतो. गॅरेजात दुरून तापमान मोजणारं यंत्र असेल तर उत्तमच.

आता तुलना करायची. शॉकअप चेसिसपेक्षा स्पष्ट गरम असला पाहिजे आणि एकाच एक्सेलवरचे डावा-उजवा जवळजवळ सारखे गरम असले पाहिजेत. एक गरम आणि एक थंड असेल तर थंड पडलेला गेला, असं समजावं. सगळा भार दुसरा एकटा ओढतो आहे. दोन्ही थंड असतील तर दोन्ही गेले, किंवा रस्ता फारच चांगला होता. मग खराब रस्त्यावरून पुन्हा फेरी मारावी.

यात दोन ठिकाणी फसगत होते. सायलेन्सर ज्या बाजूला आहे त्या बाजूचा शॉकअप त्याच्या झळीनेही तापतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा उन्हातलं सगळंच लोखंड हाताला भाजतं. त्या दिवसांत ही परीक्षा पहाटे घ्यावी. चेसिसला आधी हात लावायचा तो याचसाठी.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा

उष्णतेची परीक्षा ही पक्की साक्ष; बाकीच्या खुणा तिच्याकडे घेऊन जाणाऱ्या. सगळ्यात जास्त गोंधळ तेलाबाबत होतो. दांड्याला तेलाचा पातळ थर असावाच लागतो, नाहीतर सील घासून जाईल. त्या थराची थोडी वाफ वरच्या भागावर बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि शॉकअप ओलसर काळपट दिसतो. एवढ्यावरून चांगला शॉकअप काढून टाकू नये. कपड्याने पुसून काढावा आणि दोन-तीन दिवसांनी पाहावा. वरच्या सीलपासून खालपर्यंत ताजा ओघळ आलेला असेल किंवा खालच्या टोकाला थेंब लटकत असेल तर ती गळती.

सील फाटतं ते दांड्यामुळे. पावसाळ्यात शेतातल्या पाणंदीत अडकलेला ट्रॅक्टर ओढायला क्रेन चिखलात उतरते, चिखल दांड्यावर वाळतो आणि पुढच्या धक्क्याला तोच चिखल सीलवर कानशीसारखा घासतो. क्रेनच्या दांड्याला, सांगाड्याला अधूनमधून वेल्डिंग करावं लागतं. त्या ठिणग्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर पडून बारीक खड्डे पाडतात. वेल्डिंगआधी ओलं पोतं गुंडाळलं तर हजारो रुपये वाचतात.

गतिरोधकावर ‘खट्’ असा कोरडा आवाज येत असेल तर दोन्ही टोकांचे रबर बुश पाहावेत. ते गेलेले असतील तर शॉकअप चांगला असूनही त्याची सुरुवातीची थोडी हालचाल वायाच जाते. टायरवर तळहात फिरवून पाहावा: ठरावीक अंतरावर वाटीसारखे खळगे लागले तर ते चाक जमिनीवर आपटत चाललं आहे. टायर एका कडेने सारखं झिजलं असेल तर तो बहुधा अलाइनमेंटचा प्रश्न.

ड्रायव्हरच्या अनुभवाला मी फार मान देतो, पण इथे तो अनेकदा कमी पडतो. शॉकअप एका दिवसात जात नाही, महिन्यांमागून महिने थोडा थोडा जातो आणि ड्रायव्हरचे हात-पाय त्या डोलण्याला सरावतात. वळणावर तो आपोआप हळू होतो, ब्रेक आधीपासून दाबतो. ही गाडी पहिल्यापासून अशीच आहे, असं तो मनापासून सांगतो. दुसऱ्या क्रेनच्या ड्रायव्हरला एक फेरी मारायला सांगावं. त्याला पहिल्या लाटेलाच कळेल.

> चौकट : बदलायचा की थांबायचं?
> फेरीनंतर थंड, किंवा जोडीदारापेक्षा बराच थंड: बदला.
> ताजा ओघळ, थेंब: बदला.
> दांडा वाकला, नळीला पोचा आला, पकड तुटली: लगेच बदला, तोवर गाडी उचलू नका.
> नुसता धुळीचा ओलसर थर: पुसा, दोन-तीन दिवसांनी पाहा.
> खट्‌खट् आवाज, पण गरम होतो: आधी बुश बदलून पाहा.
> टायरला वाटीसारखे खळगे: हवा, बेअरिंग आणि शॉकअप तिन्ही तपासा.

किलोमीटरचा आकडा क्रेनला लागू पडत नाही

कारसाठी ८० हजार किलोमीटरच्या आसपास शॉकअप तपासून बदलावेत, असा ठोकताळा अनेक बनवणारे देतात. क्रेनच्या मीटरवर हा आकडा शोधू नये. क्रेनचा दिवस बहुतेक उभं राहण्यात जातो. पण जेव्हा चालते तेव्हा एक तर पुढची चाकं हलकी होऊन मागे ओझं लटकलेलं असतं, नाहीतर रस्ता सोडून बंद पडलेल्या गाडीपर्यंत शेतातून, बांधावरून जायचं असतं. ती चांगल्या रस्त्यावर शंभर किलोमीटर गेली तर जेवढी झिजणार नाही, तेवढी एका पाणंदीत झिजते.

अशा ट्रकचा जन्मही असाच रस्त्याबाहेरचा आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा शहरात अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याला ओढ्यात पडलेली एक मोटार दोर, ठोकळे आणि सहा माणसं लावून काढावी लागली होती. त्या त्रासातून त्याने १९१६ साली एका जुन्या कॅडिलॅक गाडीवर खांब, कप्पी आणि साखळी बसवली. टोचन करणारा ट्रक तिथून सुरू झाला.

म्हणून क्रेनसाठी हंगामांचा हिशोब मला पटतो. उसाचं गाळप सुरू होण्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर चिखल धुऊन झाल्यावर एकदा अशी परीक्षा घ्यावी. बहुतेक वर्षी ही दोन कामं एकाच महिन्यात येतील, तर एकदाच घ्यावी, पण चुकवू नये. उन्हाळ्याच्या तोंडाला आणखी एकदा घेतली तर उत्तम, कारण तापलेलं तेल पातळ होतं आणि कमकुवत शॉकअपचा खरा चेहरा त्याच दिवसांत दिसतो.

नवा बसवताना

एकच गेला असला तरी जोडी बदलावी. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल तर ब्रेक दाबल्यावर दोन चाकं वेगवेगळी वागतात. जुना शॉकअप कापून, तेल भरून, पुन्हा वेल्ड केलेला स्वस्तात मिळत असेल तरी क्रेनला लावू नये. त्याच्या आतल्या झडपा पहिल्यासारख्या आहेत की नाहीत, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. वायू भरलेला जुना शॉकअप कापायला किंवा गरम करायला जाणं तर धोक्याचंच, आत दाब असतो.

नवा नळीत-नळीचा शॉकअप गोदामात आडवा पडलेला असतो आणि आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो उभा धरून, दांडा वर ठेवून, पूर्ण ओढावा आणि पूर्ण दाबावा. असं चार-पाच वेळा केलं की सुरुवातीला मध्येच पोकळ लागणारा दांडा शेवटी सगळीकडे सारखा जड लागतो. हे न करता बसवला तर नवाच शॉकअप खराब निघाला असं वाटतं. रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जॅकवरून खाली, चाकांवर आल्यावर. लटकत्या एक्सेलला आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

बसवल्याची तारीख आणि मीटरचा आकडा चेसिसच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावा. मग तीच पाथरीची फेरी पुन्हा मारावी आणि परत आल्यावर डाव्या-उजव्याला हात लावून पाहावा. दोन्ही सारखे गरम लागले की ती धग हाताच्या लक्षात राहते. पुढच्या वर्षी तुलना करायची ती याच धगीशी.